लेंटच्या ४० दिवसांत उपासनेची पेटी (हार्मोनियम): रियाज कसा बसवायचा, काय सोडायचं

लेंट म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारआधीचा (ईस्टरआधीचा) उपासाचा आणि त्यागाचा काळ. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार वगळले की उरतात ४०. ज्यांना सरगम येते, पट्ट्या ओळखता येतात, पण मंडळीसमोर (चर्चमधल्या भाविकांसमोर) पेटीवर बसायचं म्हटलं की हात आखडतो, त्यांच्यासाठी हे ४० दिवस पुरेसे आहेत. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मात्र यंदा फक्त अलंकार (सरगमचे ठरावीक पलटे) घोटावेत आणि गाणी पुढच्या वर्षासाठी ठेवावीत.

आधी हिशेब

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असं प्रभू येशूने सांगितलं (लूक १४:२८). तोच अंदाज इथे घ्या. रोज ३५ मिनिटे धरली, तर ४० दिवसांत १४०० मिनिटे होतात, म्हणजे २३ तास २० मिनिटे. तेवढ्यात तीन गीतं नीट बसतात. दहा गीतांची यादी करणारे बहुतेक तिसऱ्या आठवड्यात पेटी बंद करतात, म्हणून तीनच घ्या: एक भजन केरव्यातलं किंवा भजनी ठेक्यातलं, एक पाश्चात्त्य चालीवरचं चार ओळींचं गीत, आणि एक पुनरुत्थानाचं.

आता ही ३५ मिनिटे आणायची कुठून? बायबलमध्ये अरवना नावाच्या माणसाने राजा दावीदाला अर्पणासाठी खळं आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा दावीदाने ते तसे घेतले नाहीत. ज्याची मला किंमत पडली नाही ते परमेश्वराला अर्पण करणार नाही, असं म्हणून त्याने ५० शेकेल रुपं मोजलं (२ शमुवेल २४:२४). त्याने दिलं ते स्वतःचं. आपला त्यागही स्वतःच्याच वेळेतून व्हावा: मोबाइल, रात्रीची मालिका, कट्ट्यावरचा दुसरा चहा. झोपेतून वेळ कापू नका, अपुऱ्या झोपेवर हात शिकत नाही. घरच्यांच्या वाट्याचा वेळही घेऊ नका. भांडी आईवर टाकून केलेला रियाज हा आईचा त्याग ठरतो.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. विड्या वळणाऱ्या बहिणींची मजुरी हजारावर मिळते, त्यांचा अर्धा तास म्हणजे थेट पैसे. त्यांच्याकडे तो मागू नये. हात पानावर असताना तोंडाने सरगम आणि गीताचे शब्द चालू ठेवायचे, पेटीवर फक्त १५ मिनिटे बसायचं. असं शिकणाऱ्यांचा स्वर पुष्कळदा जास्त पक्का होतो, कारण बोटं पोचण्याआधी कानाला चाल माहीत असते. दुसरी गोष्ट दहावी-बारावीची. परीक्षा नेमकी याच काळात येते. या मुलांनी रोज १२ मिनिटे आणि एकच गीत घ्यावं, आणि पाळकसाहेबांनीही त्यांच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवू नये.

वेळ पहाटेची उत्तम. मार्चमध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटीत सूर ऐकू येत नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरात धावपळ असते, त्या दिवसाची वेगळी वेळ आधीच ठरवून ठेवा. ठरवली नाही, तर तोच दिवस बुडतो.

पेटी तपासून घ्या

भाता पूर्ण भरा, सगळ्या खुंट्या (पुढची ओढायची बटणं, जी सुरांकडे हवा सोडतात) आत ढकला, एकही पट्टी दाबू नका. भाता लगेच बसला तर हवा गळते आहे. एक खुंटी (सतत एकच सूर देणारी सोडून) उघडल्यावर पट्टी न दाबताच सूर ऐकू आला, तर ती पट्टी नीट बसत नाही. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फटी पडतात, पावसाळ्यात तेच फुगून पट्ट्या अडकतात. म्हणून पेटी माळ्यावर किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. सोलापुरी चादरीची दुहेरी घडी वरून टाकली की धूळ आत जात नाही. आतले सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या) स्वतः घासून दुरुस्त करायला जाऊ नका. ते कारागिराचं काम आहे.

३५ मिनिटांची मांडणी

पहिली ५ मिनिटे तानपुऱ्याच्या सुरावर फक्त षड्ज, म्हणजे सा. पट्टी दाबून धरा आणि सोबत गळ्यानेही लावा.

पुढची ८ मिनिटे अलंकार. पांढरी एकचा (पाश्चात्त्य C चा) सा धरून अंगठा सा, तर्जनी रे, मधलं बोट ग. मग अंगठा हाताखालून पुढे सरकवून म, तर्जनी प, मधलं बोट ध, अनामिका नी, करंगळी वरचा सा. सगळी गोम ग वरून म वर जाण्यात आहे. नवशिका तिथे कोपर उचलतो, मनगट वळतं आणि म ला झटका बसतो. मधलं बोट ग वर असतानाच अंगठा म च्या वर जाऊन थांबलेला हवा. हे एवढंच, ग-म-ग-म, रोज वीस वेळा.

नंतर १७ मिनिटे गीत, आणि ते शेवटच्या ओळीपासून. दर वेळी सुरुवातीपासून वाजवलं की पहिली ओळ चकचकीत होते आणि शेवटची कच्ची राहते. मंडळी नेमकी शेवटच्या ओळीला जोर धरते, साथ तिथेच ढासळते. आधी चौथी ओळ, मग तिसरी-चौथी, असं मागून पुढे या. दोन ओळींचा सांधा वेगळा घोटा: आधीच्या ओळीचे शेवटचे दोन स्वर आणि पुढच्या ओळीचे पहिले दोन. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा. सलग तीनदा बिनचूक गेलं तरच ४ ने वाढवा. चुकलं की ४ ने खाली या, यात कमीपणा नाही.

उरलेली ५ मिनिटे गीत न थांबता शेवटपर्यंत. चूक झाली तरी मागे जायचं नाही. उपासनेत मंडळी थांबत नसते.

भात्याचं काम डावा हात करतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात. प्रत्येक मात्रेला भाता मारला की आवाजाला उचक्या लागतात. हलके, अर्धवट, सतत झोके द्या. ओळ संपते आणि गाणारे श्वास घेतात, तिथे भाता भरून घ्या. मंडळीच्या छातीत आणि भात्यात हवा एकाच वेळी भरली, की पुढची ओळ आपोआप उचलली जाते.

सूर आणि ताल

स्वतःच्या गळ्याला सोपी पट्टी मंडळीला चालेलच असं नाही. गीताचा सर्वांत वरचा स्वर शोधा आणि तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाणार नाही असा सा निवडा. त्याहून वर गेलं की पुरुष गप्प होतात, फार खाली आणलं तर बायकांचा आवाज बुडतो.

पाश्चात्त्य चालींत पुष्कळदा पहिलं अक्षर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी येतं. पेटीवाला ते समेवर टाकतो आणि सगळं गीत एका मात्रेने सरकतं. तबलजीला आधी सांगा: एक मात्रा सोडून सम. तीन मात्रांच्या चालीला दादरा बसतो, पण धा धिं ना, धा तिं ना यातला दुसरा धा पहिल्याइतका जोरात वाजला की गीत नाचू लागतं. वधस्तंभाच्या गीताला ते शोभत नाही.

मन उतरतं तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते. कान बोटांच्या पुढे गेलेला असतो, पूर्वी न जाणवणाऱ्या चुका आता टोचू लागतात. शनिवारी एकदाच मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि पहिल्या शनिवारच्या शेजारी ठेवून ऐका. रोज ऐकू नका, निराशाच येईल.

आपला वधस्तंभ उचलण्याचं वचन मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत आहे, पण ‘दररोज’ हा शब्द फक्त लूकमध्ये येतो (९:२३). हे ४० दिवस पार पाडण्याची सगळी किल्ली त्या शब्दात आहे. म्हणून एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी ७० मिनिटे बसू नका, नेहमीची ३५ च करा. दंड भरायच्या भावनेने बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी बसत नाही. सलग दोन दिवस मात्र बुडू देऊ नका. रविवारी रियाज नको. मंडळीत जुन्या वादकाशेजारी बसून त्यांचा डावा हात बघा. दावीदाच्या काळी परमेश्वराच्या मंदिराच्या सेवेसाठी शिकवून तयार केलेले गायक २८८ होते, आणि त्यांच्या पाळ्यांच्या चिठ्ठ्या टाकताना गुरू आणि शिष्य असा भेद केला नाही (१ इतिहास २५:७-८).

मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर त्या दिवशी थांबा आणि फक्त गा. सोसायचा त्रास हा नव्हे. उपास असला तरी पाणी पीत राहा, कोरडा गळा ओढला की आवाज बसतो.

शेवटचा आठवडा

झावळ्यांच्या रविवारनंतर नवीन काही घेऊ नका. शुभ शुक्रवारच्या उपासनेत एकच खुंटी उघडी ठेवा आणि मनन चालू असताना हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर घ्या, नाहीतर नकळत सूर लागतो. शनिवारी दहाच मिनिटे, तीनही गीतं एकेकदा.

पुनरुत्थानाच्या पहाटे उपासना उघड्यावर असेल तर पेटी रात्रीच न्यायच्या जागी ठेवा. नेताना भाता मिटून अडकवा, खुंट्या बंद करा, दोन्ही बाजूंनी धरून न्या. माइक भात्याकडे नको, तिकडून हवेचा फुसफुसाट येतो. तो पट्ट्यांच्या बाजूला वीतभर अंतरावर लावा. गीतांचे आकडे, प्रत्येकाचा सा आणि ताल मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून तो चिमट्याने पेटीला लावा. त्या वेळी अजून अंधार असतो, सोबत बॅटरी घ्या.