यशस्वी शेतीप्रयोग आणखी कुठे रुजेल, हे कसं शोधायचं

एखाद्या भागात शेतीचा प्रयोग चांगला चालला की कोणीतरी लगेच पावसाचा नकाशा उघडतं, तेवढाच पाऊस पडणारे सगळे प्रदेश हिरवे रंगवतं आणि ‘इतके लाख हेक्टर वाव आहे’ असं सांगून मोकळं होतं. अहवालात तो आकडा शोभून दिसतो. पण ज्या शेतकऱ्यांच्या माथी प्रयोग मारला जातो, त्यांना पावसापलीकडच्या सगळ्या गोष्टी एकट्याने निस्तराव्या लागतात.

प्रयोगाच्या नोंदी, जीआयएस (संगणकावर नकाशे एकमेकांवर ठेवून ताडून पाहायची प्रणाली) चालवणारा माणूस आणि मूळ ठिकाणी मोकळेपणाने फिरायची मुभा एवढं तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितो.

१. नेमकं काय न्यायचंय ते एका वाक्यात लिहा

‘जलसंधारण’ किंवा ‘एकात्मिक शेती’ असले शब्द चालणार नाहीत. कोणतं पीक, कोणती कृती, कोणत्या महिन्यात, कोण करणार, एवढं त्या वाक्यात आलं पाहिजे.

२. यश खरं आहे का ते बघा

अनुदान थांबल्यानंतरच्या हंगामात शेतात जा. फुकट बियाणं आणि आठवड्याला फेरी मारणारा तज्ज्ञ असताना कोणताही प्रयोग चालतो. पैसे बंद झाल्यावरही लोक तेच करत असतील, आणि शेजाऱ्याने न सांगता उचललं असेल, तरच पुढच्या पायरीला हात घाला. नसेल तर इथेच थांबा, पुढचे कष्ट वाचतील.

३. तो तिथे का चालला, ते शोधा

सगळं काम इथे आहे. बहुतेक जण ही पायरी एका बैठकीत उरकतात, कारण नकाशे रंगवायची घाई असते. मलाही सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. माझं ठाम मत असं की एकूण वेळेतला निम्मा वेळ या पायरीला द्यावा आणि तोवर संगणक बंद ठेवावा.

अडचण कुठे आहे बघा. यशस्वी गावात गेलात तर तिथे शंभर गोष्टी एकदम दिसतात: पाऊस, माती, उतार, जनावरं, रस्ता, बाजार, एखादा हिकमती म्होरक्या. यातल्या कोणत्या गोष्टीमुळे प्रयोग चालला आणि कोणती नुसतीच शेजारी उभी होती, हे यशस्वी शेतकऱ्याला विचारून कळत नाही. तो म्हणतो, ‘आम्ही कष्ट केले.’ खरंच केलेले असतात, पण नकाशावर कष्टांचा थर नसतो.

उत्तर मिळतं ते ज्यांनी सोडून दिलं त्यांच्याकडे. त्याच परिसरात तीन प्रकारची माणसं शोधा: अजून करणारे, करून सोडलेले आणि कधीच हात न लावलेले. प्रकल्पाचे लोक तुम्हाला पहिल्या गटाकडे नेतील, चहा पाजतील, फोटो काढतील. दुसऱ्या गटाची यादी स्वतः मागून घ्या आणि प्रकल्पाची गाडी सोबत न नेता त्यांना भेटा. सोडून दिलेल्या शेताची माती, उतार, पाण्यापासूनचं अंतर, घरातले कामाचे हात, जमीन स्वतःची की खंडाची, हे सगळं चालू असलेल्या शेताशी ताडून पाहा. जिथे फरक पडतो, ती खरी अट. दोन्हीकडे सारखीच असलेली गोष्ट यश-अपयशातला फरक सांगत नाही. म्हणून ती बिनकामाची ठरते असंही नाही. दुसऱ्या प्रदेशात तीच आडवी येऊ शकते, तेव्हा ती वेगळ्या वहीत लिहून ठेवा.

उदाहरण घेऊ. बुर्किना फासोतल्या यातेंगा भागात ‘झाई’ची जुनी पद्धत 1980 च्या सुमारास शेतकऱ्यांनी सुधारून पुन्हा वापरात आणली. कोरड्या ऋतूत हाताने 20 ते 40 सेंटिमीटर रुंद खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं आणि पाऊस आला की त्यातच ज्वारी-बाजरी पेरायची. साधारण 300 ते 800 मिलिमीटर पावसाच्या पट्ट्याची ही पद्धत. आता नुसत्या पावसावर नकाशा काढलात तर साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्याचा, मोठा भाग हिरवा होईल. पण झाई चालते ती वर कडक पापुद्रा धरलेल्या, पाणी न मुरणाऱ्या जमिनीवर. भुसभुशीत वाळूत खड्डा बुजून जातो, आणि पाणी तसंही मुरतच असतं, मग खड्ड्याचा उपयोग काय? शिवाय हेक्टरी शेकडो तास खोदकाम लागतं. कोरड्या ऋतूत गावातले तरुण मजुरीला शहरात जात असतील, तर खोदणार कोण? आणि खत? जनावरं नसलेल्या घराने खत आणायचं कुठून? पाऊस, पापुद्रा, रिकामे हात आणि खत अशा चार अटी झाल्या, आणि पावसाच्या नकाशावर त्यातली एकच दिसते.

दुसरी चूक म्हणजे प्रयोग कशासाठी केला हे योजनेच्या कागदावरून ठरवणं. हरियाणात 1990 च्या दशकात बिननांगरणीची गहूपेरणी पसरली. कागदावर माती-पाण्याचं संवर्धन होतं. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता: गुल्ली डंडा नावाचं तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं होतं, भातामागून गव्हाची पेरणी लांबत होती आणि नांगरटीचं डिझेल वाचत होतं. पेरणीयंत्र भाड्याने मिळत होतं, म्हणून लहान शेतकऱ्यालाही ते जमलं. तेव्हा हा प्रयोग दुसरीकडे न्यायचा तर ‘जिथे मातीची धूप होते’ असे भाग शोधून फार काही हाती लागत नाही. भातामागून गहू येतो, पेरणीला उशीर होतो आणि यंत्र भाड्याने देणारा कोणी आहे, असे भाग शोधायला हवेत.

अटी हाती आल्या की त्यांच्या मर्यादा ठरवा. ‘मध्यम उतार’ असं लिहू नका. किती टक्क्यांपर्यंत चाललं आणि किती टक्क्यांवर खड्डे वाहून गेले ते लिहा. मर्यादा कडेला सापडते. सर्वांत कोरड्या, सर्वांत चढावरच्या, बाजारापासून सर्वांत लांबच्या शेतात काय झालं, ते मुद्दाम विचारा. मधल्या छान शेतांची सरासरी इथे दिशाभूल करते.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते: प्रयोग पसरला की संपत जाणाऱ्या अटी. दहा घरांना पुरणारं शेणखत हजार घरांना पुरत नाही. दहा जणांनी पिकवलेल्या भाजीला भाव मिळतो, सगळ्या खोऱ्याने पिकवली की पडतो. अशी अट असेल तर जागेबरोबर किती पसरवायचं याचाही आकडा आताच लिहून ठेवा.

आणि कायदेकानू. होंडुरासमधल्या लेंपिरा भागातली केसुंगुआल शेती घ्या: डोंगरउतारावर रान न जाळता झाडं छाटायची, पालापाचोळा जमिनीवर पसरायचा आणि त्यात मका-घेवडा लावायचा. तिथे न जाळण्याचा निर्णय गावांनी सामूहिकरीत्या घेतला आणि पाळला. शेजारी रान पेटवत असेल तर तुमचा पालापाचोळा किती दिवस टिकणार? तीच गोष्ट मोकाट चराईची. कापणीनंतर कोणाचीही जनावरं कोणाच्याही शेतात शिरत असतील, तर अवशेष जमिनीवर राखायला सांगणारी कोणतीही पद्धत तिथे पहिल्याच वर्षी चाऱ्यात जाते.

झाडं लावायची असतील तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारा. 1980 च्या दशकात सुबाभळीसारख्या झाडांच्या ओळींमध्ये पीक घेण्याच्या पद्धतीचा फार बोलबाला होता. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या प्रक्षेत्रावर ती उत्तम दिसत होती. शेतकऱ्यांच्या रानात मात्र छाटणीचं काम ऐन खुरपणीच्या गर्दीत आलं, कोरड्या भागात झाडांनी पिकाचं पाणी ओढलं, आम्ल जमिनीत सुबाभूळ वाढली नाही आणि खंडाने जमीन कसणाऱ्याला झाडं लावायचा हक्कच नव्हता.

४. आता नकाशे

ही पायरी सोपी आहे. लोक उगाच तिचा बाऊ करतात. हवामानाच्या सरासरीसाठी वर्ल्डक्लिम (सुमारे 1 किलोमीटर, 1970 ते 2000 ची सरासरी), वर्षागणिक पावसासाठी चर्प्स (1981 पासून, साधारण 5 किलोमीटर), मातीसाठी सॉइलग्रिड्स (250 मीटर), उतारासाठी एसआरटीएम (30 मीटर). सगळं फुकट मिळतं आणि क्यूजीआयएस या मोफत जीआयएस प्रणालीत उघडतं. ताकीद द्यावीशी वाटते ती चार गोष्टींबद्दल.

वार्षिक पावसाच्या बेरजेवर विसंबू नका. हजार मिलिमीटर एकाच हंगामात पडणं आणि दोन हंगामांत वाटून पडणं ही दोन वेगळी जगं आहेत. हंगामाची लांबी, पावसातले खंड आणि वर्षावर्षातला चढउतार पाहा.

महिने सरळ जुळवू नका. दक्षिण गोलार्धातला जानेवारी उत्तरेतल्या जुलैसारखा असतो. कॅलेंडरऐवजी हंगामाच्या सुरुवातीपासून महिने मोजा, नाहीतर उत्तम जुळणारी जागा यादीतून गळेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

जागतिक मातीनकाशा शेताच्या पातळीवर खरा मानू नका. तो अंदाज आहे. एकेका 250 मीटरच्या चौकोनात प्रत्यक्षात दोन-तीन प्रकारची जमीन असू शकते.

आणि गुणांची सरासरी काढू नका. पावसाला नऊ, उताराला आठ, मातीला एक, म्हणजे सरासरी सहा, म्हणजे ‘मध्यम योग्य’, हा हिशेब मी अजूनही अहवालांत बघतो आणि अजूनही चिडतो. मातीला एक असेल तर उत्तर एक. अटळ अटींमध्ये सर्वांत कमी गुण तोच अंतिम गुण. ब्रिटिश सरकारने 1947 मध्ये टांगानिकात (आजच्या टांझानियात) भुईमुगाची अवाढव्य योजना सुरू केली, तीही घाईच्या पाहणीवर. तिथल्या काँग्वा भागाची चिकण जमीन कोरड्या दिवसांत इतकी टणक झाली की शेंगा उपटणं अवघड झालं, पाऊसही बेभरवशाचा निघाला. 1951 मध्ये योजना गुंडाळली, तोवर साडेतीन कोटी पौंडांहून जास्त पैसा बुडाला होता. जमीन अफाट आणि मोकळी होती, एवढ्या एका गुणाने काय होणार होतं?

सामाजिक माहिती बहुधा जिल्ह्याच्या सरासरीत मिळते. बाजाराला लागणारा वेळ, लोकसंख्येची दाटी, जनावरांची संख्या हे थर उपलब्ध आहेत, ते वापरा. चराईचे नियम, खंडाची रीत, बायकांचा जमिनीवरचा हक्क हे नकाशावर आणायची खटपट करू नका. त्यांची प्रश्नावली करा आणि सहाव्या पायरीसाठी ठेवा.

५. नकाशाला त्याचंच अपयश दाखवा

प्रयोग जिथे फसला, त्या जागा तयार नकाशावर टाका. मूळ गाव हिरवं येणारच, त्यात काही विशेष नाही. फसलेल्या जागाही हिरव्या दिसल्या तर तुमची एखादी अट सुटली आहे. तिसऱ्या पायरीवर परत जा. सारवासारव करण्यासाठी मर्यादा मागेपुढे सरकवू नका, नवं कारण शोधा. यासाठीच फसलेल्या काही जागा सुरुवातीपासून बाजूला ठेवाव्यात आणि अटी ठरवताना त्या मुळीच वापरू नयेत.

६. हिरव्या जागी जा, थोड्या लाल जागीही जा

प्रश्नावली सोबत न्या. लाल, म्हणजे नकाशाने नाकारलेल्या, जागी जायचं कारण असं की लोकांनी अडचणीवर आपला तोडगा आधीच काढलेला असतो, आणि तो मूळ प्रयोगापेक्षा सरस असू शकतो. हिरव्या जागी पहिला प्रश्न असा विचारा: आम्ही जो त्रास दूर करायला निघालोय, तो तुम्हाला आहे का? नसेल तर सगळ्या अटी जुळूनही तिथे कोणी हलणार नाही.

७. यादी लहान करा

दोन-तीन जागा पुरे. तिथल्या शेतकऱ्यांना मूळ ठिकाणी घेऊन जा, आणि सोडून दिलेल्या शेतांवरही फिरवा. 1989 मध्ये नायजरमधल्या इलेला भागातले शेतकरी यातेंगाला जाऊन झाई पाहून आले, परतल्यावर त्यांनी आपल्या जमिनीत खड्डे घेतले आणि तिथून ती पद्धत पसरली. तिकडे तशाच खड्ड्यांना आधीपासून ‘तासा’ म्हणत, म्हणजे कल्पना परकी नव्हती. असा जुना धागा तुमच्या निवडलेल्या जागी सापडला तर ती जागा यादीत वर घ्या.

पद्धत बदलली की नकाशाही नव्याने करावा लागतो. पूर्व आफ्रिकेत मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने नेपियर गवत लावून खोडकिडा आणि स्ट्रायगा तण हटवणारी ‘पुश-पुल’ पद्धत आधी बऱ्या पावसाच्या भागांपुरती होती. पुढे नेपियरच्या जागी ब्रॅकियारिया गवत आणि जास्त कोरड सोसणारं डेस्मोडियम आलं, तेव्हा कोरडे भागही आवाक्यात आले. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तारीख, पद्धतीची आवृत्ती आणि धरलेल्या अटींची यादी छापा. पाच वर्षांनी तो कोणाच्या तरी हाती पडेल आणि डोळे मिटून वापरला जाईल.