भिंतीवरचा पीएच कंट्रोलर: बसवताना आणि कॅलिब्रेट करताना या चुका टाळा

हातातला पीएच मीटर चुकला तर चुकीचा आकडा दिसतो, एवढंच. भिंतीवरचा कंट्रोलर चुकला तर तो चुकीचा आकडा खरा धरून टाकीत आम्ल सोडतो आणि कुणी बंद करेपर्यंत सोडतच राहतो. ‘कंट्रोलर बिघडलाय’ अशी तक्रार आली तरी बहुतेक वेळा भिंतीवरचा डबा ठणठणीत असतो. घोळ असतो तो प्रोबमध्ये (पाण्यात बुडणाऱ्या पीएच सेन्सरमध्ये), केबलमध्ये, प्रोब बसवलेल्या जागेत किंवा उरकून टाकलेल्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाशी आकडा जुळवून घेण्यात.

जागा निवडतानाच होणारी चूक

डोसिंगचं (रसायन सोडण्याचं) कॅन आणि पंप जिथे आहेत, त्याच्या बरोबर वर कंट्रोलर लावायचा मोह होतो, कारण वायर कमी लागते. पण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कॅनमधून वाफ सतत वर येत असते. ती केबल ग्लँडमधून (केबल डब्यात घेण्याच्या घट्ट तोंडातून) आत शिरते आणि काही महिन्यांत टर्मिनल हिरवी पडतात. कंट्रोलर कॅनच्या बाजूला, थोडा लांब आणि डोळ्यांच्या उंचीवर लावा. ऊन थेट पडेल अशी भिंतही नको, डिस्प्ले लवकर फिका पडतो.

सोबत आलेला कागदी साचा भिंतीला चिकटवा, पाणसळ लावून मगच छिद्रं पाडा आणि गिट्टी स्क्रूच्या मापाचीच घ्या. ग्लँड नेहमी डब्याच्या खालच्या बाजूला येऊ द्या. केबल आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर ग्लँडमध्ये घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकतं, आत जात नाही. न वापरलेली ग्लँड उघडी ठेवली तर डब्यावर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) छापलेलं असून उपयोग नाही. तिला बूच लावा.

केबलची काटछाट

पीएच प्रोबच्या काचेचा विद्युत रोध काही दशलक्ष ते शेकडो दशलक्ष ओहम असतो. म्हणून प्रोबचा संदेश इतका नाजूक असतो, की बीएनसी कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या गोल जोडात) थोडा दमटपणा गेला तरी तो गळून जातो. केबल लांब पडते म्हणून कापली, कमी पडते म्हणून चिकटपट्टीने जोडली, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद समजा. लांबी वाढवायची असेल तर कनेक्टरसकट मिळणारी तयार कोअॅक्सियल केबल घ्या. अंतर साधारण १० मीटरच्या पुढे जात असेल तर प्रोबजवळ प्रीअॅम्प्लिफायर (संदेश बळकट करणारा) लावणं बरं. उरलेली केबल कापू नका, सैल वेटोळं करून बांधून ठेवा.

पंपाची किंवा व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) पॉवर केबल आणि प्रोबची केबल एकाच पट्टीतून नेणं ही हमखास सापडणारी चूक आहे. दोन्हींत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. डोसिंग पंप थेट रिलेवर (कंट्रोलरमधल्या स्विचवर) जोडण्याआधी रिलेची अँपिअर क्षमता पाहा. मोठी मोटर असेल तर मध्ये काँटॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा स्विच) हवाच, नाहीतर रिलेचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे बंद न होणारा आम्लाचा नळ.

प्रोब आडवा किंवा उलटा बसवणं

काचेच्या गोलकात आतलं द्रावण नेहमी भरलेलं हवं. आडव्या प्रोबमध्ये हवेचा बुडबुडा गोलकात जाऊन बसतो आणि आकडा उड्या मारू लागतो. टोक खाली आणि आडव्या रेषेपासून किमान १५ अंश कललेलं ठेवा. नव्या प्रोबमध्ये बुडबुडा दिसला तर टोक खाली धरून ताप मोजायच्या पाऱ्याच्या थर्मामीटरसारखे दोन-चार झटके द्या.

पाइपमध्ये बसवताना आधी बीएनसी कनेक्टर सोडवा, मग प्रोबचे आटे फिरवा. कनेक्टर लावलेलाच ठेवून प्रोब घट्ट केला, की केबल पिळली जाते आणि आतली बारीक तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे ३-४ वेढे आणि हाताने घट्ट, एवढं पुरे. पान्हा लावू नका. आणि प्रोबच्या टोकावरची ओली टोपी काढली का, हे एकदा पाहा. ती राहून गेल्यामुळे दिवसभर एकच आकडा दिसत बसल्याचे प्रकार बरेच घडतात.

प्रोब पाण्याच्या प्रवाहात आधी आणि डोसिंगचा बिंदू त्यानंतर, असा क्रम ठेवा. आम्ल प्रोबच्या अगदी पुढ्यात सोडलं तर न मिसळलेला घोट प्रोबला लागतो, कंट्रोलर पंप लगेच बंद करतो आणि टाकीचा पीएच मात्र होता तिथेच राहतो. प्रोब पाइपच्या वरच्या बाजूला उभा बसवला आणि पंप थांबल्यावर पाइप रिकामा होत असेल, तर काच कोरडी पडते. तिथे बायपासमध्ये पाणी धरून ठेवणारा कप हवा.

सगळ्यात धोक्याची चूक यापुढची. फिरता पंप बंद पडला तरी डोसिंग चालू राहील अशी वायरिंग करणं. पाणी थांबलं की प्रोबसमोर तेच जुनं पाणी उभं राहतं, आकडा हलत नाही आणि कंट्रोलर आम्ल ढकलत राहतो. त्याच लाइनमध्ये सोडियम हायपोक्लोराइटही सोडत असाल, तर थांबलेल्या पाइपात दोन्ही एकत्र येऊन विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि पंप पुन्हा सुरू झाला की तो बाहेर पडतो. म्हणून डोसिंगचा पुरवठा फिरत्या पंपाच्या काँटॅक्टरमधून घ्या, शिवाय फ्लो स्विच (पाणी वाहत असतानाच चालू राहणारा) लावा, आणि दोन्ही रसायनांचे बिंदू एकमेकांपासून दूर ठेवा. यात काटकसर नको.

कॅलिब्रेशन: इथेच सगळी घाई होते

पहिलं काम: डोसिंग बंद करा. कंट्रोलर ‘होल्ड’वर टाका किंवा पंपाचा प्लग काढा. प्रोब १० च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवला, की टाकीतला पीएच १० झाला असं कंट्रोलरला वाटतं आणि तो इमानेइतबारे आम्ल सोडायला लागतो. तुम्ही कपाकडे बघत असता, तिकडे टाकीचा बट्ट्याबोळ होतो.

मग बफर. बाटलीत थेट प्रोब बुडवू नका. छोट्या स्वच्छ कपात काच आणि तिच्या वरचा जंक्शनचा (आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याशी जोडणारा) भाग बुडेल इतकंच, म्हणजे ३०-४० मिलिलिटर घ्या आणि वापरून झालं की फेकून द्या. परत बाटलीत ओतलेलं बफर पुढचं प्रत्येक कॅलिब्रेशन बिघडवतं. १०.०१ चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकतं, त्यामुळे उघड्या बाटलीतलं जुनं १० चं बफर सगळ्यात कमी विश्वासाचं. तुमचं काम आम्लाच्या बाजूचं असेल तर ७ आणि ४ वापरा, अल्कलीच्या बाजूचं असेल तर ७ आणि १०. कामाचा पीएच या दोन बफरांच्या मध्ये पडायला हवा.

क्रम असा:

१. प्रोब काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि टिश्यूने नुसता टिपा. घासून पुसल्यावर काचेवर स्थिर वीज चढते आणि आकडा बराच वेळ स्थिरावत नाही.

२. आधी ७.०० च्या बफरमध्ये बुडवा, हलकं ढवळा आणि थांबा. आकडा स्थिर व्हायला १-२ मिनिटं लागतात. गार बफर असेल तर जास्त. तापमानाचा सेन्सर वेगळा असेल तर तोही त्याच कपात हवा. तो टाकीत राहिला तर कंट्रोलर एका तापमानाचं बफर दुसऱ्याच तापमानाच्या हिशोबाने वाचतो.

३. मिलिव्होल्टचा आकडा लिहून ठेवा आणि मगच ‘ओके’ दाबा.

४. पुन्हा धुवा, टिपा, दुसऱ्या बफरमध्ये तेच करा.

५. शेवटी प्रोब परत ७ मध्ये घालून पाहा. ०.०५ च्या आत आला तर ठीक.

‘कॅलिब्रेशन यशस्वी’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका. बरेच कंट्रोलर थकलेला प्रोबही पास करतात. मिलिव्होल्ट लिहायला सांगितले ते यासाठीच. २५ अंश सेल्सिअसला आदर्श प्रोब पीएच ७ ला ० मिलिव्होल्ट देतो आणि दर एक पीएचला ५९.१६ मिलिव्होल्टचा फरक दाखवतो. समजा ७.०० ला उणे १२ आणि ४.०१ ला अधिक १५८ मिळाले. फरक १७०. आदर्श फरक २.९९ गुणिले ५९.१६, म्हणजे साधारण १७७. तेव्हा स्लोप (मिळालेला फरक आदर्श फरकाच्या किती टक्के) ९६ टक्के: प्रोब उत्तम. स्लोप ९० ते १०० टक्क्यांच्या आसपास आणि ७ चा ऑफसेट (७ च्या बफरमध्ये ० पासूनचा फरक) ±३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ८५ च्या खाली गेला तर आधी प्रोब साफ करून ताज्या बफरने पुन्हा करा. तरी वर येत नसेल तर प्रोब बदला. स्लोप १०५ च्या वर दिसला तर प्रोबचं कौतुक करू नका, बफर तपासा.

तापमानाबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की बफरवर छापलेला आकडा कायम तोच असतो. १०.०१ चं बफर २० अंशाला साधारण १०.०६ असतं आणि ३० अंशाला ९.९७ च्या आसपास. बाटलीवर तक्ता असतो. कंट्रोलर बफर आपोआप ओळखत नसेल तर त्या दिवशीच्या तापमानाचा आकडा हाताने टाका. दुसरा असा, की तापमान भरपाई चालू असली की सगळं दुरुस्त होतं. ती फक्त प्रोबचा स्लोप दुरुस्त करते, पाणी गरम झाल्यावर त्याचा स्वतःचा पीएच बदलतो तो नाही. तापमान १० अंशांनी चुकलं तर ४ च्या आसपास साधारण ०.१ पीएचची चूक येते, ७ जवळ जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे ७ ला सगळं बरोबर दिसलं म्हणून तापमानाचा सेन्सर ठीक आहे असं समजू नका.

सेटिंगमधल्या चुका

आम्ल की अल्कली, ही दिशा उलटी निवडली जाते. मग पीएच सेटपॉइंटपासून (ठरवलेल्या पीएचपासून) लांब पळतो आणि पंप अधिकच जोमाने चालतो. पहिल्या दिवशी रसायनाच्या जागी साध्या पाण्याचं कॅन लावा, सेटपॉइंट मुद्दाम वर-खाली करून पंप योग्य बाजूला सुरू-बंद होतो का ते पाहा आणि मगच रसायन जोडा.

हिस्टेरिसिस (पंप सुरू आणि बंद होण्याच्या पीएचमधलं अंतर) ०.०२ ठेवून अचूकता वाढत नाही, रिले मात्र टकटक वाजत राहतो. ०.१ ते ०.२ पासून सुरुवात करा. पीएच सतत खाली-वर झोकांड्या खात असेल तर डोस जास्त मोठा आहे किंवा मिसळायला वेळ मिळत नाही. पंपाचा स्ट्रोक (एका फेरीत सोडलं जाणारं रसायन) कमी करा, रसायन पातळ करून वापरा, किंवा थोडं सोडून थांबायचा टायमर लावा. (पातळ करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही.)

जास्तीत जास्त डोसिंगचा अलार्म बहुतेक कंट्रोलरमध्ये असतो आणि बहुतेक ठिकाणी बंद असतो. नेहमीचा डोस १० मिनिटांत पुरत असेल तर अलार्म १५-२० मिनिटांवर ठेवा. प्रोब तुटला किंवा कॅन रिकामं झालं, तर हाच टायमर पंप थांबवतो.

आकडा विचित्र दिसतोय?

कुठल्याही बफरमध्ये ७.०० च दिसत असेल तर केबल किंवा कनेक्टर शॉर्ट आहे. कनेक्टर उघडून कोरडा करा. दोष प्रोबचा की कंट्रोलरचा हे ठरवायला प्रोब काढा आणि कंट्रोलरच्या बीएनसीमधली मधली पिन आणि बाहेरची कडी तारेच्या तुकड्याने जोडा. ० मिलिव्होल्ट आणि ७ च्या आसपासचा स्थिर आकडा आला तर कंट्रोलर निर्दोष. सगळ्या बफरमध्ये एकच पण ७ सोडून भलताच आकडा आला तर काच तडकली असण्याची शक्यता मोठी. भिंगाखाली गोलक पाहा.

कपात बरोबर आणि टाकीत चूक, ही सगळ्यात चकवणारी तक्रार. टाकीतलं पाणी प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन प्रोब त्यात ठेवा. आकडा बराच वेगळा आला तर एका उघड्या तारेचं एक टोक ग्लासात आणि दुसरं टाकीत बुडवा. तार लावताच आकडा पळाला तर पाण्यात भटका विद्युतप्रवाह आहे. त्यावर कॅलिब्रेशनचा इलाज नाही. गळका हीटर किंवा पंप शोधा आणि अर्थिंग नीट करा. हे करताना पाण्यात हात घालू नका आणि तारेच्या उघड्या टोकांना स्पर्श करू नका.

आकडा हळूहळू सरकत असेल किंवा बफरमध्ये स्थिर व्हायला पाच-पाच मिनिटं लागत असतील तर प्रोब मळलाय. क्षाराचा पांढरा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं, तेलकट असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात. दोन्हीनंतर स्टोरेज द्रावणात किमान एक तास ठेवून मग नव्याने कॅलिब्रेट करा. टोपीच्या कडेला साचलेले पांढरे स्फटिक पोटॅशियम क्लोराइडचे असतात. पाण्याने धुतले की जातात, तो दोष नाही.

प्रोब काढून ठेवायचा असेल तर टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड घाला. ते हाताशी नसेल तर तात्पुरतं ४ चं बफर चालेल. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवलेल्या प्रोबमधले क्षार बाहेर झिरपून जातात आणि तो कायमचा मंदावतो. सुटे प्रोब घेऊन कपाटात साठा करण्यातही अर्थ नाही, कारण प्रोब न वापरताही म्हातारा होतो. एक सुटा पुरे, तोही तारीख बघून घेतलेला.