मॉथमॅन बघून झाल्यावर मत कसं लिहायचं, आणि लोकांची मतं कशी वाचायची

द मॉथमॅन प्रोफसीज हा २००२ चा पिक्चर, रिचर्ड गिअर आणि लॉरा लिनीचा, मॉथमॅन म्हणजे एका गावातल्या लोकांना दिसलेला म्हणतात तो पंखवाला, लाल डोळ्यांचा माणूस, मी आत्तापर्यंत चारदा बघितलाय आणि घरात, मैत्रिणींना, ज्यांना ज्यांना दाखवला त्या सगळ्यांनी संपल्या संपल्या एकच विचारलं, "हे खरंच घडलंय का गं?" पिक्चर कसा वाटला ते नंतर. मग मतं येतात ती पण त्याच एका प्रश्नावर टांगलेली, ज्याला खरं वाटलं तो म्हणतो बाप रे काय भारी, ज्याला खोटं वाटलं तो म्हणतो बंडल आहे सगळं. यातून पुढच्या बघणाऱ्याला काहीच मिळत नाही. आणि मला जास्त लागतं ते हे, की ज्या खऱ्या घटनेच्या नावावर हा पिक्चर चालतो तिच्यात ४६ माणसं गेलीत आणि त्यांच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून असा पिक्चर बघून मत कसं बनवायचं ते मला जसं जमत गेलं तसं सांगते. शेवट फोडणार आहे, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघून या.

तर पहिली गोष्ट तीच, आधी बघा, मग मतं वाचा. उलटं केलंत तर हा पिक्चर हातातून जातो, कारण निम्मी मतं "मॉथमॅन दिसतच नाही" याच तक्रारीची असतात आणि ती वाचून बसलात की तुम्ही दोन तास कोपऱ्यात पंख शोधत बसता. रात्री बघा, हेडफोन लावून बघा, लॅपटॉपच्या स्पीकरवर बघून "भीती वाटली नाही" लिहू नका प्लीज. या पिक्चरची भीती आवाजात आहे. तो फोनवाला सीन आठवा, पलीकडून कोणीतरी बोलतंय, जॉन, म्हणजे गिअरचं पात्र, त्याला विचारतो माझ्या हातात काय आहे सांग, आणि पलीकडचा घरघरत्या आवाजात सांगतो चॅपस्टिक. एवढंच. रक्त नाही, कोणी अंगावर धावून येत नाही, तरी मी पहिल्यांदा बघताना लाइट लावली होती.

संपला की लगेच मोबाइलवर चार ओळी खरडून ठेवा, सर्च करायच्या आधी. कुठे दचकलात, कुठे घड्याळ बघितलंत, कोणाचं वाईट वाटलं. हे का, तर एकदा खरी घटना वाचली की आपली आठवण बदलते, जिथे कंटाळा आला होता तिथेही "काय सस्पेन्स होता" असं वाटायला लागतं. माझ्या पहिल्या वेळच्या नोंदीत लिहिलंय की मधला भाग लांबला, जॉन शिकागोला जाऊन त्या अ‍ॅलेक्झांडर लीकला, म्हणजे अशा गोष्टींचा आधी शोध घेतलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला, भेटतो तो सीन पुन्हा बघायला हवा. तो पुन्हा बघितला आणि आता तोच मला सगळ्यात आवडतो. लीक सांगतो की उंच बिल्डिंगवर खिडक्या पुसणाऱ्या माणसाला दहा चौक पुढचा अपघात आपल्या आधी दिसतो, म्हणून तो काही देव होत नाही. किती साधं उदाहरण, आणि सगळा पिक्चर त्यावर उभा आहे.

आता मुख्य काम. तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: पिक्चर पिक्चर म्हणून कसा आहे, खरं काय घडलं होतं, आणि तुमचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास आहे का. मतं बिघडतात ती या तिन्हीची खिचडी झाल्यामुळे. विश्वास नाही म्हणून पिक्चर वाईट होत नाही, आणि खरी घटना आहे म्हणून पिक्चर चांगला होत नाही.

खरं काय घडलं ते नीट माहीत करून घ्या, यात कंजूषी करू नका. गाव पॉइंट प्लेझंट, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं, ओहायो नदीच्या काठावर. गावाबाहेर टीएनटी एरिया म्हणून जागा आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथे स्फोटकं बनायची, मातीने झाकलेली घुमटासारखी कोठारं अजून आहेत. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडपी गाडीने तिकडे गेली होती आणि त्यांना माणसाएवढं, पंख असलेलं, लाल चमकत्या डोळ्यांचं काहीतरी दिसलं, ते गाडीच्या मागे लागलं असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात आलं, मग पुढचं वर्षभर आणखी लोक सांगत राहिले की आम्हालाही दिसलं. तिथल्या विद्यापीठातल्या वन्यजीवांच्या अभ्यासकाने तेव्हाच सांगितलं होतं की हा वाट चुकलेला सँडहिल क्रेन असेल, म्हणजे मोठा क्रौंच, त्याच्या डोळ्याजवळ लाल भाग असतो. नंतर काही जणांनी घुबड म्हटलं, कारण घुबडाच्या डोळ्यावर अंधारात उजेड पडला की डोळे निखाऱ्यासारखे दिसतात. ज्यांना दिसलं ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, अंधारात काहीतरी दिसणं आणि घाबरणं हे खरंच असतं, फक्त जे दिसलं ते काय होतं हा प्रश्न वेगळा.

आणि मग पूल. बरोबर तेरा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६७, संध्याकाळी पाचच्या सुमारास, कामावरून घरी जायची वेळ, त्यात ख्रिसमस दहा दिवसांवर म्हणजे खरेदीची गर्दी, आणि पॉइंट प्लेझंट ते पलीकडचा ओहायो राज्याचा काठ जोडणारा सिल्व्हर ब्रिज गाड्यांनी भरलेला असताना थंडगार नदीत गेला. ३१ गाड्या खाली गेल्या. ४६ माणसं मेली, त्यातल्या दोघांचे मृतदेह कधी मिळालेच नाहीत.

पूल का पडला हे पण समजून घ्या, कारण मत लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तो १९२८ चा झुलता पूल, पण केबलचा नाही, दोन्ही टोकांना भोक असलेल्या लांब लांब पोलादी पट्ट्या पिनने एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे सायकलची चेन असते तशी पण राक्षसी आकाराची. आणि प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच. एक तुटली की दुसरी पिनवरून सरकणार आणि अख्खी चेन सुटणार, सांभाळायला तिसरी कोणी नाही. एका पट्टीच्या भोकाच्या कडेला साधारण अडीच मिलिमीटर खोल चीर गेली होती, वर्षानुवर्षं गंज आणि ताण मिळून ती तयार झाली, आणि ती अशा जागी होती की जोड उघडल्याशिवाय दिसलीच नसती. वरून १९२८ च्या गाड्या हलक्या, १९६७ पर्यंत गाड्या किती जड झाल्या होत्या. बस. त्या चिरेतून पट्टी तुटली आणि एक-दीड मिनिटाच्या आत सगळं संपलं. चौकशीत हे सगळं निघालं, त्याच नदीवर वरच्या अंगाला सेंट मेरीजला तसाच पूल होता तो बंद करून १९७१ मध्ये पाडला, आणि अमेरिकेत पुलांची ठराविक काळाने तपासणी करायचे देशभराचे नियम या अपघातामुळे आले. म्हणजे आज तिथे कोणी शांतपणे पूल ओलांडतं त्यात या ४६ जणांचा वाटा आहे.

आता पिक्चरने काय केलं बघा. काळ उचलून आजचा केला, पूल ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी पाडला, मृतांचा आकडा ३६ केला (कॉनीच्या, म्हणजे लॉरा लिनीच्या पोलीसबाईच्या, स्वप्नात "३७ नंबर, ऊठ" येतं ना, त्यासाठी, ३७ वी ती आणि ती वाचते), आणि शूटिंग बरंचसं पेनसिल्व्हेनियात केलं. यातलं काही मला खटकत नाही. जॉन क्लाइन हे पात्रही रचलेलं आहे, मूळ पुस्तक १९७५ चं, लेखक जॉन कील, आणि कीलचा आवाज उलटा केला की लीक होतं, ते शिकागोवाले गृहस्थ. हे कळल्यावर मजा वाटते.

पण शेवटी पडद्यावर अक्षरं येतात की पूल पडण्याचं कारण कधी पूर्णपणे कळलं नाही. हे मला पटत नाही, आणि मत लिहाल तेव्हा हे जरूर लिहा असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण बहुतेक लोक तीच ओळ डोक्यात घेऊन उठतात आणि सगळीकडे तेच सांगत फिरतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या, आपल्याकडे ते आठवडे कसे गेले होते आठवा, नदीकाठी वाट बघत बसलेले नातेवाईक आठवा. उद्या कोणी त्यावर पिक्चर काढून शेवटी लिहिलं की पूल का पडला ते गूढच राहिलं, तर त्या घरांना काय वाटेल? हा प्रश्न स्वतःला विचारला की आपल्या लिहिण्याचा सूर आपोआप बदलतो.

मतं वाचताना काय करायचं. "स्लो आहे" असं दिसलं की कुठे स्लो ते सांगितलंय का बघा, सांगितलं नसेल तर पुढे जा. "मॉथमॅन दाखवलाच नाही" ही तक्रार मला मान्य आहे, नाव मॉथमॅन आणि दिसतात नुसत्या सावल्या, आकार, झाडाच्या खोडावरच्या खुणा, तर राक्षसाचा पिक्चर बघायला आलेला माणूस चिडणारच, त्याचं मत त्याच्यासारख्या बघणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पुस्तक वाचून आलेले लोक म्हणतात उडत्या तबकड्या आणि काळ्या सुटातली माणसं कुठे गेली, त्यांचंही बरोबर, ते सगळं पिक्चरमध्ये जवळजवळ नाहीच. "माझ्या ओळखीच्या अमक्याला पण असंच दिसलं होतं" वाली मतं प्रेमाने वाचा पण ती पिक्चरवरची मतं नव्हेत.

आणि एक प्रकार असतो तो शोधून वाचा. ज्यांचं जवळचं कोणी गेलंय त्यांची मतं. माझ्या मावशीने हा पिक्चर काका गेल्यावर वर्षभराने माझ्याबरोबर बघितला, तिला मॉथमॅन वगैरे काही पडलेली नव्हती. जॉनची बायको मेरी सुरुवातीलाच जाते, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं की अमुक वेळेला तिचा फोन येईल, आणि तो फोन न घेता कॉनीकडे निघतो. मावशी म्हणाली, "मी असते तर घेतला असता गं, पूल पडो नाहीतर काही होवो." मी तीनदा बघून जे माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं, की हा भुताचा पिक्चर नाहीच, गेलेल्या माणसाला सोडून देण्याचा आहे. तेव्हापासून मी मतांमध्ये असं वाक्य शोधते.

लिहायला बसलात की थोडी पथ्यं. सुरुवातीलाच एका ओळीत सांगून टाका तुमचा विश्वास आहे की नाही, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं मत कुठून येतंय ते कळतं. पूल पडतो हे पहिल्या परिच्छेदात लिहू नका, ज्याला घटना माहीत नाही त्याच्यासाठी तो सीन राखून ठेवा, कारण केबल ताणल्याचा तो आवाज, गाड्यांचे दिवे पाण्यात बुडत जाणं, तेवढे काही मिनिटं अफाट घेतलेत. आकडे लिहिताना पिक्चरचे आणि खरे वेगवेगळे लिहा. ज्यांना ते दिसलं त्यांची किंवा बुडालेल्यांच्या घरच्यांची नावं उगाच घुसडू नका, ते गाव आजही तिथेच आहे, त्या गावाने २००३ मध्ये मॉथमॅनचा चकचकीत स्टीलचा पुतळा उभारला, दर सप्टेंबरला त्याचा उत्सव भरतो, पण त्याच गावात पुलात माणसं गेलेली घरंही आहेत. स्टार द्यायचे तर द्या, पण कशाला दिले ते लिहा.

माझं लिहिलेलं खाली देते, असंच लिहा असं नाही, नुसतं नमुना म्हणून:

"माझा उडत्या माणसावर विश्वास नाही. तरी पिक्चर आवडला, मुख्यतः आवाजासाठी आणि विल पॅटनच्या गॉर्डनसाठी, त्या साध्या माणसाची घाबरगुंडी बघून पोटात तुटतं. मध्ये वीसेक मिनिटं रेंगाळतो. राक्षस बघायचा असेल तर दुसरं काहीतरी बघा. कोणी गेल्यानंतर रिकाम्या घरात फोन वाजला की काय वाटतं ते माहीत असेल तर जरूर बघा, पण एकट्याने नको. शेवटची पाटी मात्र चुकीची आहे, पूल का पडला ते कळलं होतं, एका पट्टीतली अडीच मिलिमीटरची चीर. पिक्चरमध्ये ३६, खरे ४६."