ब्रेड मशीनमध्ये निव्वळ कणकेचा ब्रेड कसा करावा

ब्रेड मशीनमध्ये मैद्याचा ब्रेड बहुतेकांना पहिल्याच खेपेला जमतो. कणकेचा ब्रेड मात्र पुष्कळदा बुटका आणि घट्ट निघतो आणि त्याचा दोष यंत्रावर जातो, पण खरे कारण पिठात असते. कणकेत गव्हाचा कोंडा आणि अंकुर दोन्ही असतात. कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो, आणि त्याचे टोकदार कण ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला लवचीकपणा देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, तंतू जागोजागी तोडतात. म्हणून कणकेच्या ब्रेडला मैद्यापेक्षा पाणीही जास्त लागते आणि वेळही जास्त लागतो. वेळेची सोय यंत्र करते. पाण्याकडे मात्र आपल्यालाच लक्ष द्यावे लागते, कारण भांड्यातले पीठ कोरडे आहे की सैल, हे यंत्राला कळत नाही.

साधारण 900 ग्रॅमच्या ब्रेडसाठी 500 ग्रॅम कणीक, 380 मिलिलिटर पाणी, 2 टेबलस्पून तेल, 1 टेबलस्पून मध किंवा साखर, 8 ग्रॅम मीठ आणि 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे. यंत्र लहान असेल तर 400 ग्रॅम कणीक घेऊन बाकीचे सर्व जिन्नस त्याच हिशेबाने एक-पंचमांश कमी करावेत. सगळे जिन्नस, पाणीसुद्धा, वजनकाट्यावर मोजावेत, असा माझा आग्रह आहे. पिठात कप खुपसून भरला तर चमच्याने हलकेच भरलेल्या कपापेक्षा त्यात सहज वीस-तीस ग्रॅम पीठ जास्त मावते, आणि चार कपांत हा फरक शंभर ग्रॅमच्या आसपास जातो. एवढ्या फरकाने चांगली कृतीही फसते.

कणीक ताजी असावी. अंकुरातल्या स्निग्धांशामुळे ती मैद्यापेक्षा लवकर खवट होते आणि तो कडवटपणा ब्रेडमध्ये स्पष्ट जाणवतो. यीस्ट जुने असेल तर ते आधी तपासून पाहावे: थोड्या कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून त्यात यीस्ट मिसळावे, आणि दहा मिनिटांत वर फेस आला नाही तर ते वापरू नये.

आता भांडे यंत्राबाहेर काढून त्यात मळणीचे पाते नीट बसवावे. बहुतेक यंत्रांत आधी पाणी, तेल, मध आणि मीठ घालून त्यावर पाणी पूर्ण झाकले जाईल अशी कणीक पसरायची, कणकेच्या मधोमध लहानसा खळगा करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे, असा क्रम असतो. काही यंत्रांत यीस्ट सर्वांत आधी तळाशी घालायचे असते, म्हणून सोबतची माहितीपुस्तिका पाहून घ्यावी. क्रम कोणताही असला तरी काम सुरू होईपर्यंत यीस्टला पाणी आणि मीठ लागू नये. टायमर लावून रात्रभर जिन्नस भांड्यात ठेवायचे असतील तर ही काळजी अधिकच घ्यावी, आणि अशा वेळी पाण्याऐवजी दूध वापरू नये.

यानंतर ‘होल व्हीट’ हा प्रोग्रॅम निवडावा. यंत्रानुसार तो साधारण साडेतीन ते पाच तास चालतो. अनेक यंत्रांत सुरुवातीचा अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ आत काहीच हलत नाही. यंत्र बंद पडले असे समजू नये, त्या वेळात जिन्नस एकसारख्या तापमानाला येत असतात. यंत्रात हा प्रोग्रॅम नसेल तर फक्त मळण्याचा प्रोग्रॅम लावून पीठ ओले होईपर्यंत दोन-तीन मिनिटे फिरवावे, यंत्र बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे आणि मग नेहमीचा प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करावा. एवढ्या वेळात कोंड्यात पाणी मुरते आणि तो मऊ होतो. झटपट ब्रेडचा प्रोग्रॅम कणकेसाठी कधीही वापरू नये.

मळणी सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात आणि या वेळी झाकण उघडून पाहायला काहीच हरकत नसते. पाच मिनिटांनी आत डोकावावे. कोपऱ्यांत सुके पीठ अडकले असेल तर ते रबरी उलथण्याने मधे ढकलावे, मात्र उलथणे पात्यात सापडू देऊ नये. मैद्याच्या पिठाचा गुळगुळीत, भांड्यापासून सुटा झालेला गोळा इथे दिसेल अशी अपेक्षा धरू नये. कणकेचा गोळा मऊ आणि किंचित चिकट असावा, फिरताना तळाला थोडासा चिकटून पुन्हा सुटावा, आणि बोट लावले तर बोटावर पिठाचा पातळ माग राहावा. गोळा टणक असेल, त्याचे तुकडे पडत असतील किंवा पाते अडखळल्याचा आवाज येत असेल तर एकेक टेबलस्पून पाणी घालावे आणि दर वेळी दोन मिनिटे थांबून ते मुरू द्यावे; फार बारीक दळलेल्या कणकेला असे दोन-तीन चमचे सहज लागतात. गोळा तयारच होत नसेल आणि पीठ तळाशी खिरीसारखे पसरत असेल तर थोडी कणीक भुरभुरावी, पण त्याची घाई करू नये, कारण पाच मिनिटांपूर्वी सैल वाटलेले पीठ कोंड्याने पाणी ओढून घेतल्यावर बेताचे होते. शंका असेल तेव्हा पीठ थोडे सैलच ठेवावे.

शेवटची मळणी झाली की ओल्या हाताने गोळा उचलून पाते काढून घेता येते; त्यामुळे ब्रेडच्या तळाला मोठे भोक पडत नाही. त्यानंतर मात्र भाजणे पूर्ण होईपर्यंत झाकण उघडू नये. आतली ऊब गेली की पीठ नीट फुगत नाही, आणि भाजण्याच्या सुरुवातीला झाकण उघडले तर ते खाली बसते.

यंत्राने काम संपल्याची सूचना दिली की ब्रेड भांड्यात ठेवू नये, नाहीतर वाफ आतच अडकून त्याच्या कडा ओलसर होतात. हातमोजे घालून भांडे बाहेर काढावे, पाच मिनिटांनी ते उलटे करून हलवावे आणि ब्रेड तारेच्या जाळीवर ठेवावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून पाहावा. 93 ते 96 अंश सेल्सिअस तापमान आले म्हणजे ब्रेड आतपर्यंत भाजला गेला. किमान एक तास, शक्यतो दोन तास, तो कापू नये. कणकेचा गरम ब्रेड कापला तर सुरीला चिकटतो आणि कच्चा असल्याचा भास होतो.

वरचा भाग मधे खचला असेल तर पाणी किंवा यीस्ट जास्त झालेले असते, अथवा हवा उष्ण असल्याने पीठ प्रमाणाबाहेर फुगलेले असते. पुढच्या खेपेला पाणी थंड घ्यावे आणि यीस्ट एक ग्रॅम कमी करावे. ब्रेड बुटका आणि घट्ट झाला असेल तर आधी पाणी वीस मिलिलिटरने वाढवून पाहावे. तरीही फरक पडला नाही तर कणकेत 2 टेबलस्पून ग्लुटेनची पावडर मिसळावी. मैदा मिसळण्याचा सल्ला अनेकजण देतात आणि त्याने उंची वाढते हे खरे, पण मग तो निव्वळ कणकेचा ब्रेड राहत नाही. हा ब्रेड मैद्याच्या ब्रेडइतका उंच होणार नाही, आणि तो तसा व्हावा अशी अपेक्षाही नसावी.

ब्रेड पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून किंवा बंद डब्यात दोन दिवस चांगला राहतो. फ्रिजमध्ये तो लवकर शिळा आणि कोरडा होतो, म्हणून अधिक दिवस ठेवायचा असेल तर त्याचे काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तेवढेच काढून थेट टोस्टरमध्ये भाजावेत.