पॉइंट टू-टू की बारा बोअर: कोकणातल्या बंदुकीचं काडतूस निवडताना

काजूच्या मोसमात राखणीला बसणाऱ्याने मोबाइलवर ‘रायफलचं काडतूस’ एवढं शोधलं की ‘वार्मिंट’ हा अमेरिकी शब्द समोर येतोच. तिकडच्या सपाट माळावर बिळं करून राहणारे प्रेअरी डॉग, जमिनीवरच्या खारी, ग्राउंडहॉग, फार तर कोयोटी, असे शेतीला उपद्रवी प्राणी म्हणजे वार्मिंट. जनावर मुठीएवढं किंवा मांजराएवढं, अंतर दोनशे-तीनशे मीटर, मागे मऊ माती. या तीन गोष्टींसाठी हलक्या, अतिवेगवान गोळीची काडतुसं तयार झाली. आपल्याकडे तिन्ही गोष्टी उलट आहेत. जनावर मोठं, अंतर वीस-तीस मीटर आणि मागे एक तर कातळ, नाहीतर खालच्या वाडीतलं कौलारू घर.

निवडीची सुरुवात परवान्यापासून. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती पुरेशी पडत नसेल तर दुसरी एखादी बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक, व्यवहारात छर्ऱ्याची बारा बोअर, असा क्रम आहे. .२२ म्हणजे पॉइंट टू-टू रायफल त्याच कलमात येते, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी. बाकी रायफलींना सबळ कारण दाखवावं लागतं. परवान्यावर जी बोअर, म्हणजे नळीचं माप, तीच काडतुसं आणि लिहिली आहेत तेवढीच. चुलत्याच्या परवान्यावरची चार काडतुसं आपल्या पट्ट्यात सापडली तर ‘घरातलीच आहेत’ हे उत्तर चालत नाही.

दुसरा कागद वनविभागाचा. बंदुकीचा परवाना हा हत्याराचा परवाना, जनावराचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारण्यासोबत फासे लावणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही धरलं आहे. रानडुक्कर उभ्या पिकात शिरत असेल तरी कलम ११ खालची लेखी परवानगी आधी हातात हवी. ती नसताना माकड, वानर, साळिंदर, भेकर यांच्यावर नळी रोखायचीच नाही, मग काडतूस कुठलंही असो. उंदीर-घुशींसाठी सापळा बरा. पोफळीच्या बागेत घुशीवर गोळी घालणं म्हणजे घूस सोडून सगळ्यांना धोका.

आता खरा प्रश्न: गोळी थांबणार कुठे? .२२ लाँग रायफलची गोळी जेमतेम ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. ती खेळण्यातली वाटते, पण नळी थोडी वर असेल तर दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. बारा बोअरचा बारीक छर्रा दोन-अडीचशे मीटरमध्ये दम सोडतो, एसजी-एलजीसारखे जाड छर्रे पाच-सहाशे मीटरपर्यंत पोचू शकतात. म्हणून झाडावरच्या कशावरही रायफल रोखायची नाही. पानांच्या मागे आभाळ असतं आणि आभाळाच्या खाली दुसरी वाडी.

कातळाचं गणित वेगळंच. जांभ्याचा गडगा दिसायला भोकाभोकांचा, मऊ वाटतो. गोळी त्यात रुतेल अशी समजूत आहे. समोरून काटकोनात लागली तर रुतेलही, तिरकी लागली की उसळते. राखणीच्या माळ्यावर बसलं की गोळी खाली जाते, म्हणून निश्चिंत राहायचं, हाही गैरसमज. नळी जमिनीपासून तीन मीटर वर असेल आणि जनावर वीस मीटरवर असेल, तर गोळी जमिनीला साधारण साडेआठ अंशांत भिडते. एवढ्या पसरट कोनात सड्यावरून, ओल्या शेताच्या चोंढ्यातून किंवा खाडीच्या पाण्यावरूनसुद्धा शिशाची सावकाश गोळी उसळी मारते, तीही न फुटता. माळा बांधतानाच मागे मातीचा बांध किंवा डोंगराची मऊ बाजू येईल अशी जागा धरावी. दिवसा तिथे उभं राहून बघावं: बांधाच्या मागे पायवाट आहे का, पाणंद आहे का, मांगरात कोणी निजायला येतं का. रात्री यातलं काही दिसत नाही.

एवढं बघितल्यावर काडतुसांकडे वळू. खालचे वेग कारखान्यांच्या नेहमीच्या भारांचे आणि लांब नळीचे आहेत.

.२२ लाँग रायफल हे १८८७ पासूनचं काडतूस. साधा भार सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, जलद भार ३८० च्या आसपास. पिन आपटताच पेट घेणारी टोपी वेगळी नसते, भडका घेणारा मसाला पुंगळीच्या काठात असतो. म्हणून रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही आणि म्हणूनच रिकाम्या चेंबरवर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा रिकामी असताना, चाप ओढत बसू नये. कित्येक रायफलींत घोड्याची पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ दबतो. .२२ मॅग्नम १९५९ चं. गोळी तेवढीच, वेग जवळजवळ ५८०. त्याच्या चेंबरमध्ये लाँग रायफलचं काडतूस सरकन जातं, म्हणून घालून बघण्याचा मोह होतो. पुंगळी सैल बसते, फुटते आणि गरम वायू मागे तोंडावर येतो. .१७ एचएमआर २००२ मध्ये आलं: १७ ग्रेनची इवलीशी गोळी, सुमारे ७७५ मीटर वेग. लागली की जागीच फुटते, त्यामुळे उसळण्याचा धोका कमी, पण वजन इतकं कमी की वाऱ्यापुढे टिकत नाही.

यापुढची काडतुसं मधल्या टोपीची, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या मध्यावर वेगळी टोपी असलेली. .२२ हॉर्नेट ४५ ग्रेनची गोळी ८२० मीटर वेगाने टाकतं, आवाज आणि धक्का बेताचा, दीडशे मीटरपर्यंत शहाणं काडतूस. .२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेनला सुमारे ९९० देतं. तिकडे बहुतेकांचा कौल यालाच, कारण काडतूस स्वस्त आणि नळी पुष्कळ टिकते. .२२-२५० तीच गोळी ११२० ने आणि .२०४ रुगर ३२ ग्रेनची गोळी १२८० च्या पुढे नेतं. हे शेवटचे दोन तीनशे मीटरवरचं लहान लक्ष्य टिपायला सुरेख, पण दारूचा भार मोठा, गोळ्या पाठोपाठ झाडल्या की चेंबरपुढची नळी लवकर जळते. गोळीचं वजन निवडताना नळीचा पीळ, म्हणजे आतल्या आट्यांची फिरकी बघावी. .२२३ मध्ये बारा इंचांत एक फेरा घेणारी नळी ५५ ग्रेनपर्यंत खूश असते. ७५ ग्रेनची लांबट गोळी तिच्यात डळमळते आणि कागदावर आडवी लागते. तिला आठ-सात इंचांचा पीळ लागतो.

ही सगळी यादी रानडुकरापुढे मात्र निरुपयोगी आहे. वार्मिंट गोळीचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, लागताच फुटावं म्हणून. पोक्त नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. पातळ गोळी तिथे वरच्या वर फुटते, डुक्कर पडत नाही, करवंदीच्या जाळीत शिरतं. दुसऱ्या दिवशी फाटी आणायला गेलेल्या बाईच्या अंगावर जातं ते हेच डुक्कर. .२२ लाँग रायफलची तर तोंडाशी ऊर्जा २०० ज्यूलच्या आत आणि .२२३ ची १७०० च्या वर असली, तरी फुटणाऱ्या गोळीने काम एकच होतं: जखमी जनावर. लेखी परवानगी असेल तर बारा बोअरमध्ये एलजी, म्हणजे औंसाला सहा छर्रे, आणि तेही पंचवीस-तीस मीटरच्या आत. एसजी औंसाला आठ. छर्रे जास्त म्हणून नेम सोपा असं वाटतं, पण एकेक छर्रा हलका. आपल्या नळीतून तीस मीटरवर पाच छर्रे परातीएवढ्या वर्तुळात बसतात का, हे आधी मोठ्या पुठ्ठ्यावर, परवानगीच्या रेंजवर बघावं. चोकप्रमाणे, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं आहे त्याप्रमाणे, दोन सारख्या बंदुकांत फार फरक पडतो, डबल बारीत तर डाव्या-उजव्या नळीतही. बसत नसतील तर अंतर वीसवर आणायचं, काडतूस बदलून ते साधत नाही. परवानगीत कोणतं हत्यार आणि कोण झाडणार हे लिहिलेलं असेल तर तेच खरं.

मग कोकणात .२२ घेणाऱ्याने काय निवडायचं? कागदावरचं लक्ष्य, ५० मीटर. इथे जलद भार टाळावा. तीस अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. जलद गोळी त्याच्या वर निघते आणि शंभर मीटरच्या आत त्याच्या खाली येते. त्या टप्प्यात हवेचा अडसर वाढतो, गोळी डुचमळते आणि आडव्या वाऱ्यात ती सावकाश गोळीपेक्षा जास्त सरकते. वेगवान गोळी वारा जास्त खाते, हे नव्याला पटत नाही, पण दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात दहा गोळ्या मारल्या की पटतं.

कुठली खेप आपल्या नळीला मानवते हे डब्यावरून कळत नाही. तीन-चार प्रकारचा एकेक डबा घ्यावा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, पिशवी दस्त्याच्या लाकडाखाली, नळीला स्पर्श नको. वेळ सकाळची, वारा सुटायच्या आधीची. प्रकार बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण प्रत्येक कारखान्याचं मेण वेगळं आणि नळीत आधीच्याचा थर असतो. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे पाच गट, प्रत्येक गट वेगळ्या कागदावर. एक सुंदर गट बघून भुलू नये, पाचांतला सगळ्यांत वाईट कोणता ते बघावं. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. वाईट गटसुद्धा त्याच्या दीडपटीत राहिला तर सरावाला ती खेप उत्तम. मग त्याच खेपेच्या क्रमांकाचे, परवान्यात बसतील तेवढे डबे एकदम घ्यावेत.

साठवण हा आपल्याकडचा जुना आजार. चामडी पट्ट्यात पावसाळाभर अडकवलेलं काडतूस आश्विनात काढलं की पितळेवर हिरवा बुरशीसारखा थर चढलेला दिसतो. तो ओलाव्याचा आहे आणि चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांचाही. फडक्याने पुसून हलका निघाला तर ठीक. नखाला खड्डा लागला तर ते काडतूस गेलं. भिरकावून न देता परवानाधारक दुकानदाराकडे द्यावं. कागदी पुंगळीचं जुनं काडतूस दमट हवेत फुगतं, चेंबरमध्ये अर्धं जाऊन अडकतं. ते हाताने रेटू नये. काडतुसांना तेल लावण्याची सवय तर सोडावीच. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं, मसाला मरतो. कोरड्या रबरी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवलं की झालं. पुडी महिन्याने बदलावी. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढताच दव धरतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर नळीला आतून दाट तेलाचा हात देऊन द्यावी आणि परत आणल्यावर ते तेल पूर्ण कोरडं पुसल्याशिवाय झाडू नये.

दमट काडतुसाचे दोनच प्रकार होतात. चाप ओढला, टक् झालं, बार नाही: नळी मातीकडे धरून मनात साठ अंक मोजावेत, मगच बोल्ट उघडावा, कारण दारू उशिरा पेटू शकते. दुसरा प्रकार जास्त वाईट. बार झाला, पण नेहमीचा कडाका नाही, नुसतं फुस्स, धक्काही नाही. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करायची, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. नाही दिसला तर त्या दिवशी बंदूक पुन्हा भरायची नाही; गजाने ठोकत न बसता ती परवानाधारक कारागिराकडे न्यायची.