आधी ढिलाई, मग अलाइनमेंट: घरच्या घरी सस्पेन्शन शिकताना

पावसाळा ओसरला की टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग सरळ राहत नाही, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, घ्यायचं. काहीशे रुपये जातात, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. मी साताऱ्याचा. पुण्याला जाणं-येणं सतत, त्यामुळे खंबाटकी घाट रोजचा म्हणावा इतका ओळखीचा. माझ्या जुन्या स्विफ्टचं सस्पेन्शनचं काम मी स्वतःच करतो. शिकायची हौस असलेली मंडळी पहिला प्रश्न अलाइनमेंटचाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ते सगळ्यात शेवटी. आधी ढिलाई शोधायला शिका. चाकाला धरणारा बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक, टाय रॉड एंड, खिळखिळं असेल तर मशीनवर कितीही काटेकोर कोन जुळवा, पहिल्या खड्ड्यात तो बदलतो. चाकाला धरून ठेवणारा भागच हलत असताना चाक जागेवर राहील कसं?

गाडीखाली काय आहे याचं चित्र आधी डोक्यात बसवा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात, खांबाचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला आणि खालचं टोक नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) पकडलेलं. नकलला खालून धरतो लोअर आर्म. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकांना रबरी बुश. स्टेअरिंग रॅकमधून येणारा टाय रॉड नकलला वळवतो. डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार लिंक रॉडने स्ट्रटला अडकवलेला असतो. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पोलादी तुळई. त्याचे कोन कारखान्यात ठरलेले असतात, घरी फिरवायला तिथे काही नसतं. पुढेही फिरवता येतो तो मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं नाक आत की बाहेर वळलं आहे तो कोन. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) स्ट्रटच्या बोल्टच्या फटीपुरता थोडासा हलतो आणि कास्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा कल) हलत नाही. एवढं कळलं तरी अलाइनमेंटवाला नेमकं काय करतो हे निम्मं कळलं.

पुढची पायरी टायर वाचण्याची. गाडी उचलायच्या आधी ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर टो बिघडला आहे, टायर रस्त्यावर तिरका घासत चालला आहे. डोळ्याला हे दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळतं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअपकडे पाहा. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर किंवा टो. आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्याचं) दुखणं, अलाइनमेंटशी त्याचा संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

गाडी ओढते म्हणतानाही थोडं थांबून बघावं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडीचा डावीकडे हलकासा कल स्वाभाविक आहे. त्याहून जास्त ओढत असेल तर आधी चारही चाकांची हवा तपासा, मग पुढची दोन चाकं आपसांत बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे. या तपासणीला पैसाही लागत नाही.

आता गाडी उचलायची. इथे मी कुणाला सूट देत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. सपाट, टणक जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक आणि लगेच खाली जॅक स्टँड. विटा किंवा दगड चालत नाहीत, वीट न सांगता फुटते. काढलेलं चाक गाडीच्या बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर तेवढी जागा उरते.

पुढची दोन्ही चाकं अधांतरी झाली की चाक वर आणि खाली पकडून हलवा. टक्-टक् लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. टक्-टक् थांबली तर बेअरिंग, चालूच राहिली तर बॉल जॉइंट. मग चाक डावी-उजवीकडे पकडून हलवा. इथला प्ले, म्हणजे ढिलाई, टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या आतल्या जॉइंटचा. कोणता ते ओळखायला एका हाताने चाक हलवत दुसऱ्या हाताची बोटं जॉइंटवर ठेवा. ढिला जॉइंट बोटांखाली ठोका देतो. ही सवय एकदा हाताला लागली की दुसऱ्याच्या गाडीतही दोष चटकन सापडतो.

आवाजही खूप सांगतात. छोट्या खडबडीत रस्त्यावर हलकी टक्-टक् बहुधा लिंक रॉडची. ब्रेक मारताना एकच जड ‘खट्’ आला तर लोअर आर्मचे बुश तपासा. गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवल्यावर स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटचं वरचं माउंट, आणि पूर्ण वळणावर कट्-कट् आली तर सस्पेन्शन सोडा, चाकाला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट बघा.

शिकायला सुरुवात लिंक रॉडपासून करावी. स्वस्त भाग, दोनच नट आणि फरक लगेच ऐकू येतो. फक्त दोन्ही चाकं उचललेली असू द्या. एकच उचललं तर बारला पीळ पडतो, लिंक ताणली जाते आणि ढिलाई लपते. नट फिरवताना आतला बॉलही गरगर फिरू लागतो. म्हणून त्याच्या टोकाला ॲलन कीची जागा असते, तिथे धरून रिंग पान्याने नट सोडवायचा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं की सकाळी झटापट होत नाही. कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीला हे दोन-तीन दिवस आधीपासून करा, खाऱ्या हवेने तिथले नट पार धरलेले असतात.

टाय रॉड एंड ही दुसरी पायरी. जुना काढण्याआधी चेक नटच्या (एंडला टाय रॉडवर जखडणारा नट) जागी रंगाची खूण करा आणि काढताना फेरे मोजा. नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. एंडचा निमुळता दांडा नकलच्या छिद्रात घट्ट रुतलेला असतो. वरच्या आट्यांवर हातोडा घालू नका. पुलर (सांधा ओढून काढायचं साधन) लावा, नाहीतर नट दोन-तीन आट्यांवर राहू देऊन नकलच्या कानाला बाजूने ठोका द्या. सुटायचा तो एकदम सुटतो आणि नट असल्याने उडत नाही. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे नट नेहमी नवेच घ्यायचे.

लोअर आर्मकडे मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण चांगल्या चांगल्या हातांकडूनही इथे एक गोष्ट राहून जाते. बुशमधलं रबर आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या कड्याला पक्कं चिकटवलेलं असतं. बुश बिजागरीसारखा फिरत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. आता गाडी स्टँडवर, आर्म खाली लोंबकळलेला, आणि त्याच अवस्थेत तुम्ही बोल्ट पूर्ण आवळला, तर आतली नळी त्याच कोनात कायमची पकडली गेली. गाडी जमिनीवर उतरली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं आणि खड्ड्यात आणखी पिळतं. असा नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष सुट्या भागाच्या माथी जातो. म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवायचे, आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर येईपर्यंत उचलायचं (शेजारचा स्टँड जागेवर असू द्या), आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) शेवटचं आवळायचं. किती न्यूटन मीटर ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच पाहा. बाकी साध्या खबरदाऱ्या: एबीएसच्या सेन्सरची वायर क्लिपमधून सोडवून घ्या, ब्रेक कॅलिपर काढलाच तर त्याच्या ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

शॉकअप बदलताना मात्र माझा सल्ला सनातनी आहे. अख्खा स्ट्रट गाडीतून काढा, पण स्प्रिंग वेगळी करायला गॅरेजमध्ये घेऊन जा. स्प्रिंग दाबून ठेवणारं चांगलं साधन नसताना वरचा मधला नट सोडला तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावेत. सुटे भाग घ्यायला पुण्यात नाना पेठेत जात असाल तर जुना भाग पिशवीत सोबत घ्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही आर्म वेगळा असू शकतो.

सगळं घट्ट झालं, आता कोन. यासाठी गवंड्याचं सामान पुरतं: लाइनदोरी, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल ट्यूब. ट्यूबने चारही चाकांखालची जागा एका पातळीत आहे का ते पाहा, कमी असेल तिथे फरशी किंवा प्लायचा तुकडा घाला. हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा, स्टेअरिंग सरळ करून दोरीने बांधून टाका. पुढच्या चाकांखाली गुळगुळीत फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये ग्रीस लावून ठेवा, म्हणजे चाक फिरवताना रबर जमिनीला धरून बसत नाही.

दोऱ्या गाडीला समांतर ताणणं हेच खरं कौशल्य. त्याची सोपी युक्ती अशी: गाडीच्या रुंदीपेक्षा थोडे लांब दोन पाइप घ्या. दोन्हींवर अगदी सारख्या अंतरावर खाचा करा. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीला ठेवा आणि खाचांमधून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणा. दोऱ्या आता एकमेकींना समांतर झाल्या. पाइप सरकवत पुढच्या चाकांच्या हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) डाव्या-उजव्या दोरीचं अंतर सारखं करा, मग मागच्या हबचंही. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांइतकं नसेल, ते नसावंच. दोन्ही एक्सलची रुंदी बहुधा थोडी वेगळी असते.

मग पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा, टायरवरून मोजू नका. पुढचं अंतर जास्त असेल तर चाकाचं नाक आत, म्हणजे टो-इन. १४ इंची रिमची कड ते कड साधारण ३८० मिलिमीटर भरते. त्यावर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.१५ अंश, मशीनच्या भाषेत ९ मिनिटं. बहुतेक छोट्या गाड्यांना टो शून्याच्या आसपास लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. चेक नट सोडा, टाय रॉड पाव फेरा फिरवा, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजा. पाव फेराही बराच असतो. दोन्ही बाजू सारख्या करत जा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं अशी अवस्था होते. कॅम्बरसाठी चाकाशेजारी ओळंबा सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजायचं, हिशोब तोच.

हे सगळं जमल्यावरही मी शेवटी गाडी दुकानातल्या थ्रीडी अलाइनमेंट मशीनवर नेतो, आणि नवशिक्यानेही न्यावी. दोरीने घेतलेले आकडे वहीत लिहून न्या आणि मशीनच्या आकड्यांशी ताडून पाहा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. मागच्या चाकांचा टो डाव्या-उजव्या बाजूला बराच वेगळा दिसला तर बीम वाकलेला असू शकतो, पुढे कितीही फिरवून ते दुखणं जाणार नाही. चांगला ऑपरेटर हे स्वतःहून सांगतो.

हाताला हे काम आवडलं आणि पोटापाण्यासाठी करावंसं वाटलं, तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड घ्या आणि पुढे एखाद्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप करा. अलाइनमेंटच्या मशीनवर बसायला मिळालं तर आनंदाने बसा, पण आठवड्यातून एखादा दिवस वर्कशॉपमधल्या गाडीखालच्या खड्ड्यात उतरून जॉइंट तपासायचं काम मागून घ्या. पडद्यावरचा लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, आकडा कोणत्या बुशमुळे आला हे सांगणारा माणूस दुकानमालक सहसा सोडत नाही.

घरी काम केल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर व्हील नट आणि चेक नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. बदललेले भाग, तारीख आणि किलोमीटर वहीत टिपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर चाक हलवून बघताना सुरुवात कुठून करायची ते त्या नोंदींवरून ठरतं.