स्थानबद्धतेत मृत्यू पावलेल्या स्थलांतरितांची व्यक्तिचित्रे कागदात कशी कोरावीत

अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, म्हणजेच आइस, या यंत्रणेच्या ताब्यात असताना एखाद्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास त्याचा अहवाल ९० दिवसांत जाहीर करावा, असे तेथील काँग्रेसने २०१८ मध्ये बंधनकारक केले. त्या अहवालांत वय, जन्मदेश आणि वैद्यकीय नोंदी मिळतात. चेहरा मात्र कुटुंबाकडूनच मागून घ्यावा लागतो. म्हणून पहिले काम परवानगीचे आहे. अटकेच्या वेळी काढलेले छायाचित्र सहज उपलब्ध असले तरी ते वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. घरच्यांनी निवडून दिलेलेच छायाचित्र घ्यावे. छायाचित्र मिळालेच नाही, तर अंदाजाने चेहरा रचू नये. रिकामी चौकट आणि पूर्ण नाव एवढेच कोरावे.

नावाबाबतही दक्ष राहावे. स्पॅनिशभाषक देशांतील लोक बहुधा वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे लावतात, आणि सरकारी कागदांत त्यांतले एखादे गळलेले किंवा अक्षरांवरची चिन्हे पुसलेली असू शकतात. ‘एन्ये’ या अक्षरावरची नागमोडी रेघ कोरताना सुटी पडते, त्यामुळे तिला खालच्या अक्षराशी बारीक जोड ठेवावा.

हा जोडच या कलेचा कणा आहे. छायाचित्रातील करडे भाग काढून त्याचे केवळ काळ्या आणि पांढऱ्या भागांत रूपांतर करावे, आणि मग प्रत्येक काळा भाग दुसऱ्या काळ्या भागाला कुठे ना कुठे चिकटलेला आहे की नाही, हे बोट फिरवून तपासावे. सर्वाधिक अडचण डोळ्यांत येते, कारण बुबुळ पांढऱ्या भागाने वेढलेले असते. ते वरच्या पापणीला जोडले, तर नजर स्वाभाविक राहते. जोड सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावा.

साधारण १६० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा, काळा कागद घ्यावा. आकृती उलटी करून मागच्या बाजूला उतरवावी, म्हणजे पेन्सिलच्या खुणा समोर दिसत नाहीत. कटिंग मॅटवर आधी डोळे, नाकपुड्या, ओठ असे बारीक भाग कोरावेत आणि बाह्यरेषा सर्वांत शेवटी कापावी, कारण तोपर्यंत भोवतीचा कागद चित्राला आधार देत असतो. वळणावर हात न वळवता कागद फिरवावा. पाते बोथट झाले की कागदाच्या कडा फाटू लागतात. तसे दिसताच ते बदलावे.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ ‘पापेल पिकादो’ ही कोरीव कागदी तोरणे लावतात, आणि चित्राच्या किनारीसाठी त्यांचे नक्षीकाम घ्यावेसे वाटते. परंतु स्थानबद्धतेत मरण पावलेले सर्वच मेक्सिकन नाहीत, म्हणून किनार त्या व्यक्तीच्या मुलखातली आणि कुटुंबाला पटेल अशीच असावी.

तयार चित्र आम्लमुक्त पांढऱ्या कागदावर थोड्याशाच गोंदाने चिकटवावे. ते लोकांसमोर ठेवण्यापूर्वी कुटुंबाला दाखवावे, आणि नावात किंवा तारखेत चूक आढळल्यास ठिगळ न लावता संपूर्ण चित्र नव्या कागदावर पुन्हा कोरावे.